पुढे पाठविलेल्या शब्दाची जबाबदारी

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. त्याच्या कालव्यांचे पाणी गोंदियाबरोबरच भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते. धरणाच्या आसपासच्या गावांत माझे काही आप्त राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता इशाच्या नमाजनंतर ओसरीवर बसलेल्या मंडळींत माझ्या भाच्याने एक प्रश्न केला. गावच्या जमाअतचा व्हॉट्सॲप ग्रुप तोच सांभाळतो. नमाजच्या वेळा, कुणाच्या जनाजाची सूचना, रमजानच्या चंद्राची बातमी, मदरशाच्या वर्गणीचा हिशेब, असे सारे त्या ग्रुपवर येते. आणि त्याच्याबरोबर जे यायला नको तेही येते.

"मामू, ग्रुपमध्ये दुसऱ्याने काही भलते टाकले तर कयामतच्या दिवशी मला विचारले जाईल काय? हायकोर्टाने तर ॲडमिन जबाबदार नाही असे सांगितले आहे."

त्या रात्री मी त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते. त्याचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आज जवळजवळ प्रत्येक मुस्लिम घरातील कोणी ना कोणी अशा एखाद्या ग्रुपचा सदस्य आहे, कोणी चालक आहे. म्हणून हा विषय कुरआन व हदीसच्या प्रकाशात नीट पाहावा असे वाटले.

प्रथम न्यायालयाचे म्हणणे समजून घेऊ, कारण भाचा म्हणत होता ते प्रकरण त्याच्याच गोंदिया जिल्ह्यातील आहे. २०१६ साली तेथे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने त्याच ग्रुपमधील एका महिलेविषयी अश्लील व असभ्य भाषा वापरली. ग्रुपच्या ॲडमिनने त्या सदस्याला काढले नाही, माफी मागण्यासही सांगितले नाही. उलट आपली असहायता व्यक्त केली, अशी तक्रार होती. पोलिसांनी ॲडमिनवरही गुन्हा दाखल केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मार्च २०२१ मध्ये खंडपीठाने ॲडमिनवरील कारवाई रद्द केली. न्यायालयाचे तर्कशास्त्र सरळ आहे. ॲडमिनला सदस्य जोडण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार असतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि ते आधी तपासताही येत नाही. दोघांनी मिळून आधीच काही ठरविले असल्याचा पुरावा नसेल, तर एकाच्या लिखाणासाठी दुसऱ्याला शिक्षा देता येत नाही. जो लिहितो त्याची जबाबदारी मात्र कायम राहते.

हा निर्णय न्याय्य आहे. एकाच्या पापाचे ओझे दुसरा वाहणार नाही हे तत्त्व कुरआनने वारंवार सांगितले आहे (सूरह अल-अन्आम, आयत १६४). भाच्याला त्यातून जो दिलासा मिळाला तोही चुकीचा नव्हता. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न होता की या मनुष्याला शिक्षा करता येईल काय. त्या महिलेचा प्रश्न निराळाच होता. तिची बेअब्रू झाली तेव्हा ते वाचणाऱ्या इतक्या लोकांपैकी कोण काय बोलले? कायद्याला हा प्रश्न विचारता येत नाही, आणि विचारूही नये. नाहीतर शेजारी गप्प बसला म्हणून पोलीस त्याला उचलतील. शरीअत मात्र हा प्रश्न विचारते. प्रेषित (स.) यांच्या शिकवणीनुसार तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीत असलेल्यांविषयी विचारले जाणार आहे (बुखारी, मुस्लिम). शासक प्रजेचा राखणदार आहे, पुरुष घरच्यांचा, स्त्री पतीच्या घराची व मुलांची, आणि सेवक मालकाच्या मालमत्तेचा. ज्याच्या हाती जेवढा अधिकार तेवढीच त्याची राखण. ॲडमिनचा अधिकार लहान आहे, पण शून्य नाही. सदस्याला काढणे त्याच्या हाती पूर्वीही होते; आता तर दुसऱ्याचा संदेश सर्वांच्या पडद्यावरून पुसण्याची सोयही त्याला मिळाली आहे. हाती अधिकार असताना असहायता सांगणे अल्लाहच्या दरबारात कितपत टिकेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सामान्य सदस्याला एवढाही अधिकार नसतो, पण जीभ असते. तबूकच्या मोहिमेत ह. कअब बिन मालिक (रजि.) मागे राहिले. प्रेषितांनी (स.) तबूकमध्ये त्यांची चौकशी केली तेव्हा त्यांच्याच बनू सलमा कबिल्यातील एक जण म्हणाला की, त्याला त्याच्या अंगावरील वस्त्रांनी व ऐटीने अडकवून ठेवले आहे. मजलिस भरलेली होती. ह. मुआज बिन जबल (रजि.) यांनी तेथेच त्याला टोकले की, तू वाईट बोललास, आम्हाला तर त्याच्याविषयी भल्याखेरीज काही ठाऊक नाही. प्रेषित (स.) शांत राहिले. ध्यानात घ्या, कअब (रजि.) खरोखरच चुकले होते आणि पुढे त्यांनी ते स्वतः कबूल केले. तरीही जो समोर नाही त्याच्यावर तर्काने शिंतोडे उडविले जात असताना मुआज (रजि.) यांनी एका वाक्यात ते थांबविले. ग्रुपमधील शंभर लोकांपैकी एकाने असे एक वाक्य लिहिले तर पुढच्या दहा टवाळ्या थांबतात, हा अनुभव कुणालाही घेता येईल. बहुतेक वेळा आपण काय करतो? दुर्लक्ष करतो आणि त्यालाच शहाणपण समजतो.

मदीनेतील तो एक महिना

ऐकीव गोष्ट समाजात कशी फिरते आणि फिरविणाऱ्यांचे अल्लाहपाशी काय स्थान असते, याचा सर्वांत सविस्तर धडा सूरह अन-नूरमध्ये आहे. इफ्कची घटना, म्हणजे ह. आयेशा (रजि.) यांच्यावर रचलेले कुभांड, आपल्या वाचकांना परिचित आहे. ती येथे पुन्हा सांगतो, कारण या दृष्टीने ती क्वचितच वाचली जाते.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना एका मुक्कामी ह. आयेशा (रजि.) यांचा गळ्यातील हार हरवला. तो शोधण्यासाठी त्या मागे राहिल्या. त्या आत आहेत असे समजून लोकांनी रिकामा हौदा उंटावर चढविला आणि काफिला निघून गेला. मागून येणारे ह. सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसविले आणि स्वतः पायी नकेल धरून चालत काफिल्यापाशी आणले. घडले ते एवढेच. मुनाफिकांचा नेता अब्दुल्लाह बिन उबै याने त्यावर आरोप रचला.

आता पाहा, गोष्ट पसरविली कुणी. एकटा अब्दुल्लाह बिन उबै ती मदीनेच्या घराघरांत नेऊ शकला नसता. ती वाहून नेणाऱ्यांत मुसलमानही होते. ह. मिस्तह (रजि.) बद्रच्या युद्धात सहभागी झालेले, ह. अबू बक्र (रजि.) यांच्या मावसबहिणीचे पुत्र, त्यांच्याच मदतीवर गुजराण करणारे. ह. हस्सान बिन साबित (रजि.) प्रेषितांच्या (स.) बाजूने शत्रूला उत्तर देणारे कवी. ह. हम्ना बिन्त जह्श (रजि.) प्रेषितपत्नी ह. जैनब (रजि.) यांच्या सख्ख्या भगिनी. यांपैकी कुणीही इस्लामचा शत्रू नव्हता. खोटे रचणारा मुनाफिक होता, पण त्याला पाय दिले ते आपल्या माणसांनी. आजच्या खोट्या संदेशांचेही असेच होते. ते तयार करणारा कुठेतरी दूर असतो आणि आपल्यापर्यंत ते मामा, आत्या, मशिदीतील सोबती यांच्या नावाने येतात. म्हणूनच आपण त्यांवर विश्वास ठेवतो.

ह. आयेशा (रजि.) परतल्यावर महिनाभर आजारी होत्या. शहरभर बोलले जाणारे त्यांना ठाऊकच नव्हते. एके रात्री मिस्तह यांच्या आईबरोबर बाहेर पडल्या असता त्या माउलीचा पाय चादरीत अडकला आणि तिच्या तोंडून स्वतःच्या मुलासाठी शाप निघाला. बद्रमध्ये लढलेल्या मनुष्याला असे का म्हणता, असे विचारून ह. आयेशा (रजि.) यांनी मिस्तह यांची बाजू घेतली! तेव्हा कुठे त्यांना सारे कळले. जिच्याविषयी सर्व जण बोलतात तिलाच शेवटी कळते, आणि तोवर ती बोलणाऱ्यांचीच बाजू घेत असते. बदनामीचे याहून क्रूर रूप मला माहीत नाही. पुढे त्या दोन रात्री आणि एक दिवस रडत राहिल्या.

प्रेषितांनी (स.) या काळात चौकशी केली. दासी ह. बरीरा (रजि.) यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, हिच्यात मला एवढाच दोष दिसला आहे की वयाने लहान आहे, कणीक मळून ठेवते आणि झोपी जाते, मग शेळी येऊन ती खाऊन टाकते. ह. जैनब (रजि.) यांना विचारले. त्या सवत होत्या, बरोबरीचा मान बाळगणाऱ्या होत्या, शिवाय त्यांची बहीणच अफवेत सामील होती. एक सूचक मौन त्यांना पुरेसे झाले असते. त्यांनी मात्र आपल्या कानांचे आणि डोळ्यांचे रक्षण करीत आहे, असे सांगून भल्याचीच साक्ष दिली. जे कानांनी ऐकले नाही ते ऐकले म्हणणार नाही आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले म्हणणार नाही. सीरतच्या ग्रंथांत ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरातील संवादही येतो. पत्नीने लोक काय बोलत आहेत ते सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले की, तू स्वतः असे केले असतेस काय? ती म्हणाली, कधीच नाही. मग आयेशा (रजि.) तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे ते म्हणाले आणि त्या घरापुरता विषय संपला.

यानंतर अवतरलेल्या आयतींतील तीन गोष्टींकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आयत ११ सांगते की, यात सामील असलेल्या प्रत्येकाने जेवढे कमावले तेवढे पाप त्याच्या वाट्याला आहे आणि ज्याने त्यातील मोठा भाग उचलला त्याच्यासाठी मोठी शिक्षा आहे. रचणाऱ्याचे पाप मोठे हे खरे, परंतु त्यामुळे पसरविणाऱ्याचा हिशेब माफ झाला नाही. "मी फक्त पुढे पाठविले" या सबबीला येथे जागाच उरत नाही.

आयत १५ मध्ये एक विलक्षण शब्दयोजना आहे. तुम्ही ही गोष्ट आपल्या जिभांनी घेत होता, असा तिचा आशय आहे. वास्तविक गोष्ट घेतली जाते ती कानाने. जीभ देण्याचे काम करते. पण येथे कान आणि जीभ यांच्यामध्ये मन, विचार, शंका काही उरलेच नव्हते. ऐकणे आणि सांगणे ही एकच क्रिया झाली होती. संदेश पूर्ण न वाचता, चित्रफीत अर्धी पाहून अंगठा पुढे सरकतो त्या क्षणाचे याहून नेमके वर्णन होऊ शकत नाही. त्याच आयतीत पुढे म्हटले आहे की, तुम्ही याला क्षुल्लक समजत होता आणि अल्लाहपाशी ती फार मोठी बाब होती.

तिसरी गोष्ट आयत १२ व १६ मधील तक्रार. ऐकताक्षणी ईमानधारक स्त्री-पुरुषांनी आपल्या माणसांविषयी चांगला विचार का केला नाही आणि आम्ही असे बोलणे शोभत नाही, असे का म्हटले नाही? वही येण्यापूर्वी सत्य कुणालाही ठाऊक नव्हते, तरी अल्लाहने तक्रार केली. म्हणजे सत्य ठाऊक नसणे ही पुढे सांगण्याची सबब नाही. गप्प राहण्याचे कारण आहे.

रविवारचा बाजार

एखाद्या वाचकाला वाटेल की हा अब्रूचा प्रश्न झाला, जीव तर जात नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या संदेशांनी तो भाग आधीच पेटलेला होता. जमावाने त्यांना मुले पळविणारे ठरविले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि पाचही जणांना ठेचून मारले. त्याच रविवारी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले. त्यांच्यात एक लहान मूल होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते वाचले. मालेगावचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण अफवेच्या बाबतीत आपली वस्ती इतरांहून वेगळी आहे असा समज आपल्यात कुणी बाळगू नये.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती पाहून आयांच्या काळजाचा ठोका चुकला असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनविलेली फिल्म होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातील फलक दाखवितात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. कापणारा एक असेल, पण पुढे पाठविणारे लाखो होते, आणि त्यांतील बहुतेकांनी ते मुलांच्या काळजीपोटीच केले असेल. सद्हेतूने केलेल्या कामाचा हा परिणाम! त्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. कंपनीने अंगठ्याला लगाम घातला. मनाला घालणे तिच्या हाती नाही.

बुखारीतील एका दीर्घ हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) आपले एक स्वप्न सांगितले आहे. त्यात एका मनुष्याचा गाल लोखंडी आकड्याने मानेपर्यंत फाडला जात होता, मग दुसरा, तोवर पहिला पूर्ववत होई. हा कोण, असे विचारता सांगण्यात आले की, हा सकाळी घरातून निघून असे खोटे बोलतो की ते क्षितिजांपर्यंत पोहोचते. एका मनुष्याचे बोलणे क्षितिजापर्यंत पोहोचणे हे पूर्वीच्या वाचकांना अतिशयोक्त वाटत असावे. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही.

पडताळणी म्हणजे काय

सूरह अल-हुजुरात, आयत ६ मध्ये फासिक मनुष्याने बातमी आणली तर तिची छाननी करा, अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवून नंतर पस्तावण्याची वेळ येऊ देऊ नका, असा आदेश आहे. आपण जो शब्द वाचतो तो 'फतबय्यनू' आहे, म्हणजे स्पष्ट करून घ्या. हम्जा व किसाई या कारींच्या वाचनात येथे 'फतसब्बतू' असा शब्द येतो, म्हणजे पाय रोवून थांबा. दोन्ही वाचने प्रमाण आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांना पूरक आहे. छाननी करण्याची ऐपत प्रत्येकात नसते. चित्रफीत कराचीची की धुळ्याची, हे शोधणे आमच्या गोठणगावच्या आजीला कसे जमणार? पण थांबणे तिलाही जमते. जे पडताळता येत नाही ते आपल्यापाशी थांबले पाहिजे. कानावर आलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच मनुष्य खोटा ठरण्यास पुरेसे आहे, ही सहीह मुस्लिममधील हदीस नेमक्या याच मनुष्याविषयी आहे; तो स्वतः काही रचत नाही.

छाननी कशी करावी याचा नमुना ह. उमर (रजि.) यांच्या आचरणात सापडतो. प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना तलाक दिला अशी बातमी मदीनेत पसरली. मशिदीत लोक चिंताग्रस्त बसले होते. ह. उमर (रजि.) त्यांच्याशी चर्चा करीत बसले नाहीत. ज्यांच्याविषयी बातमी होती त्यांच्याकडेच, परवानगी मागून, ते गेले आणि विचारले, तलाक दिला आहे काय? उत्तर आले, नाही. मग लोकांना हे सांगू काय, अशी अनुज्ञा घेऊन ते मशिदीच्या दारी उभे राहिले आणि उंच आवाजात बातमी खोटी असल्याचे जाहीर केले. सूरह अन-निसा, आयत ८३ याच संदर्भात अवतरल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. भयाची वा सुरक्षिततेची बातमी येताच ती पसरविणाऱ्यांना ती आयत बातमी जाणकारांकडे नेण्यास सांगते. खुलासा त्यांनी बातमी जेथे पसरली होती तेथेच केला. आपण अफवा ग्रुपमध्ये टाकतो आणि खुलासा, केलाच तर, एखाद्याच्या कानात करतो.

येथे मला माझा स्वतःचा दोष सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मशिदीच्या बांधकाम निधीचा हिशेब ठेवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांविषयी एक ध्वनिफीत मला आली. त्यांनी रक्कम घरात वापरली असा तिचा रोख होता. मी ती तीन ग्रुपवर पाठविली आणि खाली लिहिले: "असे ऐकण्यात आले आहे, खरे-खोटे अल्लाह जाणे." ही ओळ लिहून मी मुक्त झालो असे मला वाटले होते. पुढे पावत्या तपासल्या गेल्या. रक्कम वीटभट्टीवाल्याला आगाऊ दिलेली होती आणि पावती वहीतच टाचलेली होती. अनेक वर्षे पहिल्या सफमध्ये उभे राहणारे ते गृहस्थ त्यानंतर शेवटच्या सफमध्ये, चपलांच्या रांगेजवळ उभे राहू लागले आणि सलाम फिरताच निघून जात. अल्लाह जाणतो, हे तर खरेच आहे. पण मी जाणत नव्हतो, आणि त्या पवित्र नावाची मी ढाल केली होती.

मत मांडण्याविषयी

आतापर्यंत बातमीविषयी बोललो. मताचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने शहर बंद राहण्याविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली, तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले. तिने कुणावर कुभांड रचले नव्हते, कुणाला शिवी दिली नव्हती. असे मत मांडणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि भीतीपोटी घरोघरच्या मुलामुलींना मुके करणे ही दीनची शिकवण नाही. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी द्या, असे सूरह अन-निसा, आयत १३५ सांगते. अत्याचार झालेल्याला आवाज उठविण्याची मुभा त्याच सूरहच्या आयत १४८ मध्ये आहे.

परंतु मत आणि चिथावणी यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या तरुणांना कुणी समजावून सांगत नाही. जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक आणि आपल्या बांधवांच्या दुकानांची नासधूस झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुरावरून मशिदीवर हल्ला झाला आणि एका मुसलमानाचा जीव गेला. हल्ला करणाऱ्यांचा गुन्हा कोणत्याही स्टेटसने कमी होत नाही, हे ठामपणे सांगितलेच पाहिजे. तरीही अल्लाहने सूरह अल-अन्आम, आयत १०८ मध्ये आपल्याला काय शिकविले ते पाहा. हे लोक अल्लाहखेरीज ज्यांना हाक मारतात त्यांना दूषणे देऊ नका, कारण मग ते अज्ञानापोटी अल्लाहलाच दूषणे देतील. दूषण देणाऱ्याचा राग येथे तपासलेला नाही. त्याच्या शब्दाचा परिणाम तपासलेला आहे. सतरा वर्षांचा मुलगा रात्री अकरा वाजता स्टेटस ठेवतो तेव्हा त्याच्या ध्यानात आपली वीस मित्रमंडळी असतात. सकाळी ते कुणाच्या हाती पडेल आणि कुणाचे दुकान त्याची किंमत मोजेल, हे त्याला दिसत नाही. ते दाखविणे आईबापांचे काम आहे, आणि ते फोन हिसकावून होत नाही. शेजारी बसून, त्याने लिहिलेले त्याच्याबरोबर वाचून होते.

खासगी बोलण्याविषयी थोडक्यात. मजलिसमधील बोलणे ही अमानत आहे (अबू दाऊद). बहिणींच्या ग्रुपमध्ये एकीने सासरचे दुःख सांगावे आणि दुसरीने त्याचा स्क्रीनशॉट काढून सासरी पोहोचवावा, हे अमानतीत खयानत करणे आहे आणि चुगलीही. लग्नातील महिलांची छायाचित्रे त्यांना न विचारता ग्रुपवर टाकण्याचे तसेच.

भाच्याला मी नंतर पत्रात जे लिहिले ते असे. दुसऱ्याने टाकलेल्याचे पाप तुझ्या खात्यावर नाही. पण ते तू पाहिलेस तेव्हापासून तुझे पाहणे तुझ्या खात्यावर आहे. ते पुस, लिहिणाऱ्याला खासगीत समजाव, पुन्हा केले तर काढ; आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याच्या बाजूने ग्रुपमध्येच एक वाक्य लिही.

ज्यांच्या हातून घडून गेले आहे त्यांच्यासाठीही मार्ग आहे. आयती अवतरल्यावर ह. अबू बक्र (रजि.) यांनी मिस्तह (रजि.) यांची मदत बंद करण्याची शपथ घेतली होती. सूरह अन-नूरच्या आयत २२ ने, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय, असा प्रश्न करताच त्यांनी ती पुन्हा सुरू केली. मुलीच्या अब्रूवर बोलणाऱ्याला बापाने पुन्हा अन्न दिले. क्षमा करणाऱ्याची बाजू ही. चुकलेल्याची बाजू सूरह अल-बकरा, आयत १६० मध्ये आहे. ती आयत सत्य लपविणाऱ्यांविषयी आहे. त्यांपैकी ज्यांनी तौबा केली, सुधारणा केली आणि स्पष्ट करून सांगितले, त्यांची तौबा स्वीकारली जाते. 'बय्यनू' हा येथील शब्द 'तबय्यनू'च्याच धातूचा आहे. बोलण्यापूर्वी जे स्पष्ट करून घ्यायचे होते ते नंतर तरी स्पष्ट करून सांगायचे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि फारसे काही बोलले नाहीत. मग ज्या ग्रुपवर ध्वनिफीत पाठविली होती त्यांवर पावतीच्या छायाचित्रासह माझी चूक लिहून टाकली. एका ग्रुपवर कुणी काही उत्तर दिले नाही, दुसऱ्यावर दोघांनी दुआ लिहिली. तिसरा ग्रुप तोवर बंद झाला होता. त्यात कोण कोण होते याची यादी माझ्याकडे नाही. जे आठवले त्यांना एकेक करून फोन केला. अजून काही जण राहिले असावेत.